आडनावातील गाव : गोमंतकीय गायिकांची स्मृतिस्थळे आणि प्रवासी रसिक

प्रस्तावना

आवडत्या कलावंताच्या गावी जाणे, त्याचे घर पाहणे, त्याच्या नावाने उभारलेल्या वास्तूपुढे क्षणभर थांबणे ही प्रवासाची एक जुनी प्रेरणा आहे. मराठी समाजाला ती नवी नाही. देहू-आळंदीच्या वाटेने संतांच्या गावी जाणारा हा समाज मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकालाही त्याच भावनेने भेट देतो. मात्र कवीचे स्मारक आणि गायकाचे स्मारक यांत एक मूलभूत भेद आहे. कवीच्या ओळी शिळेवर कोरता येतात, चित्रकाराची चित्रे भिंतीवर लावता येतात. गायकाची कला काळात घडते आणि काळातच संपते; ज्या ठिकाणी ती घडली त्या ठिकाणी तिचा कोणताही दृश्य अवशेष उरत नाही. मग गायकाच्या स्मृतिस्थळी जाणारा रसिक तेथे नेमके काय पाहतो, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न तीन गायिकांच्या संदर्भात विचारात घेतला आहे. केसरबाई केरकर (१८९२-१९७७), मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) आणि लता मंगेशकर (१९२९-२०२२) या त्या तीन गायिका होत. पहिल्या दोघी जयपूर-अत्रौली घराण्याच्या, उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या शिष्या, तिसरी चित्रपट-पार्श्वगायिका. गायनाचा प्रकार, श्रोतृवर्ग आणि कीर्तीचा विस्तार या सर्वच बाबतींत त्यांच्यात अंतर आहे. तथापि एक गोष्ट तिघींना समान आहे. तिघींच्याही आडनावात गोव्यातील एकेका गावाचे नाव आहे : केरी, कुर्डी आणि मंगेशी. या गायिकांच्या चाहत्यास प्रवासाचा पत्ता शोधण्याची गरज नाही. तो तिच्या नावातच दिलेला आहे.

अभ्यासाची दिशा

स्मृतिस्थळ म्हणजे केवळ पुतळा, चौक वा सभागृह असा मर्यादित अर्थ येथे घेतलेला नाही. एखाद्या व्यक्तीची आठवण जेथे सामूहिक रीतीने जपली जाते ती प्रत्येक जागा, आणि त्याच अर्थाने आडनावासारखी भाषिक खूणही, येथे स्मृतिस्थळ मानली आहे. अशा स्थळाचे साहित्यकृतीप्रमाणे वाचन करता येते. ते काय सांगते, काय गाळते आणि कोणत्या वाचकाला गृहीत धरते हे पाहता येते. प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. गोमंतकीय गायिकांच्या ग्रामवाचक आडनावांचा सामाजिक अर्थ स्पष्ट करणे.
२. मंगेशी, केरी आणि कुर्डी या स्थळांचे स्मृतिस्थळ म्हणून स्वरूप तपासणे.
३. अयोध्येतील लता मंगेशकर चौक या अलीकडील स्मारकाशी त्यांची तुलना करणे.
४. रसिकाच्या भेटीतून कोणते ज्ञान व्हावे याविषयी काही निष्कर्ष मांडणे.

आडनाव : एक सामाजिक दस्तऐवज

गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लावून आडनाव सिद्ध करण्याची पद्धत मराठी व कोकणी भाषिक प्रदेशात सर्व जातिसमूहांत आढळते. त्यामुळे अशा प्रत्येक आडनावातून एकच सामाजिक अर्थ काढणे चुकीचे ठरेल. परंतु गोव्यातील देवळांशी निगडित असलेल्या कलावंत समाजातील स्त्रियांच्या बाबतीत या पद्धतीला वेगळे महत्त्व आहे. गायन व नृत्याची सेवा करणाऱ्या या स्त्रियांना रूढ अर्थाने विवाहाचा अधिकार नव्हता. त्यांच्या संततीला पित्याचे कुलनाम मिळत नसे. जे नाव वारशाने मिळू शकत नव्हते त्याची जागा गावाच्या नावाने घेतली. गाव, आणि बहुधा त्या गावचे दैवत, हेच कूळ झाले.

या प्रक्रियेचे एक स्पष्ट उदाहरण गोव्याबाहेरचे आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीमखाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांच्या कन्या चंपाकली या पुढे हिराबाई बडोदेकर म्हणून विख्यात झाल्या. आई वडिलांपासून विभक्त झाल्यानंतर मुलांच्या वाट्याला नवी नावे आली आणि आईचे शहर मुलीचे आडनाव झाले. पित्याचे घराणे गळ्यात राहिले. नावात मात्र आईचा प्रदेश आला. अंजनीबाई मालपेकर या ज्येष्ठ गायिकेचे आडनावही गोव्यातील मालपे या गावाची खूण बाळगते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजाने स्वतःचे संघटन केले, शिक्षणाचा मार्ग धरला आणि ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव स्वीकारले. समूहाच्या पातळीवर जे नामांतर घडले तेच व्यक्तीच्या पातळीवर आडनावातून घडत होते. त्यामुळे केरकर, कुर्डीकर, मंगेशकर ही नावे केवळ जन्मस्थळाची नोंद करीत नाहीत. ज्यांना नाव नाकारले गेले त्यांनी ते कसे कमावले याचा तो इतिहास आहे. या स्थळांना भेट देणाऱ्या रसिकापर्यंत हा इतिहास पोहोचतो का, हा येथील कळीचा प्रश्न आहे.

मंगेशी : दैवताचे आणि गायकाचे गाव

फोंडा तालुक्यातील मंगेशी हे तिन्ही गावांपैकी सर्वाधिक पाहिले जाणारे गाव आहे. श्री मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी येथे होते. पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक छळामुळे १५६० मध्ये मूर्ती तेथून हलविण्यात आली आणि त्या काळी पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या प्रियोळ येथे तिची स्थापना झाली. म्हणजे ज्या दैवतावरून हे आडनाव आले ते दैवत स्वतःच विस्थापित आहे.

मास्टर दीनानाथांचा जन्म १९०० साली मंगेशीत झाला. त्यांचे वडील गणेशभट्ट हे मंगेशाच्या देवळात पूजाअर्चा करीत. आई येसूबाई या देवळाशी निगडित कलावंत समाजातील होत्या. दीनानाथांनी वडिलांचे हर्डीकर हे कुलनाम न लावता गाव आणि दैवत यांच्याशी नाते सांगणारे मंगेशकर हे आडनाव धारण केले. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे नवे आडनाव प्रतिष्ठित झाले. लताबाईंचा जन्म इंदूरचा, बालपण सांगलीचे आणि कारकीर्द मुंबईची. मंगेशीत त्यांचे बालपण गेले नाही. तरीही जगभर त्या ज्या नावाने ओळखल्या गेल्या ते नाव मंगेशीचे. वास्तव्याने न मिळालेले गाव नावाने मिळाले, असे येथे म्हणता येईल.

गोव्याच्या सहलीवर येणारी मराठी कुटुंबे मंगेशीला हमखास थांबतात. काहींचे ते कुलदैवत असते, काहींसाठी ते सहलीच्या वेळापत्रकातील एक देऊळ असते, आणि बहुतेकांच्या तोंडी तेथे मंगेशकर कुटुंबाचा उल्लेख येतो. हा उल्लेख साधारणपणे ‘लतादीदींचे गाव’ एवढ्यावर संपतो. वस्तुतः येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. देवळाचा सभामंडप ही केवळ वास्तुकलेची बाब नाही. गोव्यातील देवळांच्या सभामंडपांतून उत्सवप्रसंगी, पालखीच्या वेळी कलावंत स्त्रियांचे गायन होत असे. नाट्यगृह व मैफलीची सभागृहे अस्तित्वात येण्यापूर्वी अनेक गायिकांच्या घराण्यांसाठी सभामंडप हेच व्यासपीठ होते आणि हेच बंधनही होते. गर्भगृहापुढील हा मोकळा चौरस पाहताना प्रवासी झुंबरे व समया पाहतो. येथे कोण गात होते, कोणत्या अटीवर गात होते, हे वास्तू स्वतःहून सांगत नाही. येसूबाईंचे नाव घेतल्याशिवाय मंगेशीचे आणि मंगेशकर या नावाचे नाते पुरते उलगडत नाही. वडिलांचे पौरोहित्य आणि आईची गानसेवा या दोन्ही बाजू त्या एका आडनावात आहेत. प्रचलित कथनात मात्र बहुधा पहिलीच बाजू येते.

दीनानाथांच्या नावाने पणजीच्या कला अकादमीत प्रमुख नाट्यगृह आहे, विलेपार्ले येथे नाट्यगृह आहे, पुण्यात रुग्णालय आहे. हा गौरव उचितच होय. परंतु नाव वास्तूला दिले की नावाची कथा सांगितली असे होत नाही, ही बाब या सर्व स्थळांच्या बाबतीत लक्षात घ्यावी लागते.

केरी : शाळा, समारोह आणि अंतराळ

मंगेशीपासून फार दूर नसलेले, फोंडा तालुक्यातीलच केरी हे गाव केसरबाईंचे. येथील विजयादुर्गा हे दैवतही मूळचे सांकवाळचे असून पोर्तुगीज काळात ते केरीत आले. केसरबाईंनी बालपणीच गाव सोडले. कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ, पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा गुरूंकडे खंडित स्वरूपाचे शिक्षण झाल्यावर १९२१ पासून त्यांना अल्लादियाखाँची दीर्घ तालीम मिळाली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५३), पद्मभूषण (१९६९) आणि महाराष्ट्र शासनाचा राज्यगायिका हा सन्मान (१९६९) त्यांना लाभला.

केसरबाईंचे स्वतःच्या आवाजाविषयीचे धोरण येथे विचारात घेणे आवश्यक आहे. आपले गाणे कोणीही, कोठेही, कसेही ऐकावे हे त्यांना मान्य नव्हते. नभोवाणीवर गाण्यास त्यांनी नकार दिला. ध्वनिमुद्रणेही मोजकीच केली. या भूमिकेला पुष्कळदा अहंकार म्हटले गेले. परंतु ज्या समाजातील स्त्रीचे गाणे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होते, त्या समाजातील एका स्त्रीने आपले गाणे कोठे ऐकले जावे याचा निर्णय स्वतःच्या हाती ठेवला, असाही तिचा अर्थ लावता येतो. तो अधिक न्याय्य ठरेल.

या पार्श्वभूमीवर केसरबाईंच्या स्मृतिस्थळांचे स्वरूप लक्षणीय आहे. केरीत त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे. गोव्यात त्यांच्या नावाने सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह भरतो. आणि तिसरे स्मृतिस्थळ पृथ्वीवर नाही. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी ध्वनिमुद्रिका आहे तिच्यात जगभरातील २७ संगीतरचना निवडल्या आहेत. भारताचे प्रतिनिधित्व करणारी एकमेव रचना म्हणजे केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी. दुसरे यान सप्टेंबर १९७७ मध्ये निघाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाईंचे निधन झाले. व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर-२ ने २०१८ मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. ज्या गायिकेने आपला आवाज रस्त्यावरच्या श्रोत्याला मिळू नये याची काळजी घेतली, तिचा आवाज आता कोणताही प्रवासी पोहोचू शकणार नाही इतक्या दूर गेला आहे.

या योगायोगाचे आकर्षण वृत्तपत्रीय लेखनाला फार आहे आणि ते स्वाभाविक आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र केरीतील शाळेचे महत्त्व व्हॉयेजरच्या तबकडीपेक्षा कमी नाही. गोमंतक मराठा समाजाच्या सुधारणेचे मुख्य साधन शिक्षण हेच होते. कलावंत स्त्रीच्या नावाने गावात शाळा असणे, आणि त्या गावच्या मुलामुलींनी आपल्या शाळेचे नाव म्हणून ते नाव निःसंकोच उच्चारणे, हा समाजपरिवर्तनाचा दृश्य पुरावा आहे. केरीला येणाऱ्या रसिकाने शाळेच्या फलकाकडे या दृष्टीने पाहावे.

कुर्डी : पाण्याखालील घर

मंगेशी आणि केरी ही गावे आज नांदती आहेत. मोगूबाईंचे कुर्डी तसे नाही. सांगे तालुक्यातील हे गाव सालावली धरणाच्या जलाशयात गेले. सुमारे सहाशे कुटुंबांना गाव सोडून नव्या वसाहतींत जावे लागले आणि १९८० च्या दशकात गाव पाण्याखाली दिसेनासे झाले. दर उन्हाळ्यात, साधारणपणे मे महिन्यात, पाणी ओसरते तेव्हा जोती, भिंतींचे तुकडे, वाटा आणि देवळाचे अवशेष उघडे पडतात. जुने ग्रामस्थ आपल्या दैवताच्या उत्सवासाठी तेथे जमतात. ख्रिस्ती ग्रामस्थही आपल्या कपेलाचे फेस्त साजरे करतात. उघड्या पडलेल्या अवशेषांत मोगूबाईंच्या घराची जागाही दाखविली जाते. पावसाळा सुरू झाला की गाव पुन्हा बुडते.

मोगूबाईंचे कुर्डीतील वास्तव्य बालपणापुरतेच होते. आईने मुलीला गाणे यावे म्हणून गाव सोडले, तिला नाटक मंडळीत घातले; आई लवकर वारल्यावर हे पोरकेपण घेऊन मोगूबाई मंडळ्यांतून फिरल्या. अल्लादियाखाँची तालीम मिळविण्यासाठी आणि ती टिकविण्यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६८) आणि पद्मभूषण (१९७४) हे सन्मान नंतरचे. कन्या किशोरी आमोणकर यांनी मुलाखतींतून आईबरोबर केलेल्या दौऱ्यांच्या आठवणी सांगितल्या आहेत. तिसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास, आयोजकांकडून मिळणारी अवहेलना, मोबदल्याची उपेक्षा हे सारे त्यांनी लहानपणी पाहिले आणि पुढे स्वतः गायिका म्हणून आयोजकांशी कठोरपणे वागण्याचे कारण म्हणून नोंदविले. गायिकेच्या गावी प्रवास करणाऱ्या रसिकाने गायिकेने स्वतः कसा प्रवास केला होता हेही जाणून घ्यावे, असे या आठवणी सुचवितात.

कुर्डीच्या संदर्भात एक वस्तुस्थिती विशेष बोलकी आहे. जलाशयाखाली जाणाऱ्या या गावात कदंबकालीन मानले जाणारे महादेवाचे जांभ्या दगडाचे मंदिर होते. भारतीय पुरातत्त्व विभागाने ते शिळा-शिळा सोडवून धरणालगतच्या नव्या जागी पुन्हा उभारले. हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु वारसा म्हणून काय हलवायचे आणि काय बुडू द्यायचे याचा निर्णय घेताना गायिकेचे घर विचारात आले नाही. मोगूबाई त्या वेळी हयात होत्या, पद्मभूषणाने सन्मानित होत्या. त्यांचे घर एका सामान्य कलावंत कुटुंबाचे होते. त्यात पुरातत्त्वाच्या दृष्टीने जपण्यासारखे काही नव्हते, असे म्हटले जाऊ शकते. आक्षेप ग्राह्य आहे. तथापि त्यातूनच मूळ मुद्दा सिद्ध होतो. वारशाची आपली व्याख्या वास्तूच्या प्राचीनतेवर बेतलेली आहे. आवाजाचा वारसा ज्या साध्या घरांतून आला ती घरे त्या व्याख्येत बसत नाहीत. कुर्डी बुडाले, कुर्डीकर हे आडनाव राहिले. मोगूबाईंचे नाव घेणारा प्रत्येक जण नकळत एका बुडालेल्या गावाचे नाव घेतो.

अयोध्येतील चौक : तुलनात्मक विचार

गोव्यातील ही स्थळे कोणी योजून उभारलेली स्मारके नव्हेत. योजनापूर्वक उभारलेल्या स्मारकाचे स्वरूप कसे असते हे पाहण्यासाठी त्याच आडनावाचा मागोवा घेत अयोध्येत जावे लागते. लता मंगेशकर यांच्या निधनानंतर त्याच वर्षी, २८ सप्टेंबर २०२२ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, शरयूकाठच्या नया घाट परिसरातील चौकाला त्यांचे नाव देण्यात आले. शिल्पकार राम सुतार यांनी घडविलेली ४० फूट लांबीची, १४ टन वजनाची वीणा चौकाच्या मध्यभागी आहे. तिच्यावर सरस्वतीची प्रतिमा आहे. भोवती संगमरवरी ९२ कमळे आहेत. ती लताबाईंच्या ९२ वर्षांच्या आयुष्याची सूचक आहेत. या प्रकल्पास सुमारे ७ कोटी ९० लाख रुपये खर्च आला. चौकात लताबाईंनी गायिलेली भजने ऐकविली जातात आणि अयोध्येला येणारे असंख्य यात्रेकरू तेथे छायाचित्रे काढतात.

या स्मारकाचे काही गुण मान्य करावयास हवेत. त्यात गायिकेचा पुतळा नाही. पार्श्वगायिका ही मुळात न दिसणारी कलावंत आहे; तिच्या जागी वाद्य ठेवणे ही कल्पना त्या दृष्टीने सूचक आहे. शिवाय तेथे आवाज प्रत्यक्ष ऐकू येतो, ही गोष्ट गायकाच्या स्मारकात दुर्मीळ आहे. परंतु प्रतीकाची निवड तपासली असता काही प्रश्न उपस्थित होतात. वीणा हे लताबाईंचे वाद्य नव्हते. ते सरस्वतीचे आहे. वीणेच्या द्वारे गायिकेचे देवतेत रूपांतर होते. देवतेला परिश्रम नसतात, वाद नसतात, मोबदल्याचा प्रश्न नसतो. प्रत्यक्षातील लता मंगेशकर वडिलांच्या मृत्यूनंतर वयाच्या तेराव्या वर्षापासून कुटुंबासाठी काम करणारी मुलगी होती. पार्श्वगायकांसाठी स्वतंत्र पारितोषिक नसल्याने फिल्मफेअरच्या सोहळ्यात गाण्यास त्यांनी नकार दिला होता. १९५९ मध्ये असे पारितोषिक सुरू झाले आणि ते प्रथम त्यांनाच मिळाले. गायकांना स्वामित्वधनात वाटा मिळावा यासाठीही त्यांनी भूमिका घेतली आणि ती निभावताना सहकाऱ्यांशी मतभेद पत्करले. श्रमाचे मूल्य मागणारी ही स्त्री संगमरवरी कमळांत दिसत नाही. भजनांच्या निवडीमुळे त्यांच्या विशाल गानसंसारातील एकच दालन पुढे येते, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

केसरबाईंचा नभोवाणीला नकार, मोगूबाईंचा तालमीसाठीचा झगडा, लताबाईंचा पारितोषिक व स्वामित्वधनाचा आग्रह यांत एक सूत्र आहे. आपला गळा ही आपली मिळकत आहे, ती कोणाच्या सेवेत गृहीत धरली जाऊ नये, ही तिघींची भूमिका आहे. सभामंडपातील सेवेपासून स्वतःच्या अटींवरील कलेपर्यंतचा हा प्रवास दोन-तीन पिढ्यांत झाला. अयोध्येच्या चौकातील फलकावर मंगेशकर हे नाव वाचणाऱ्याला त्यामागचे गोव्यातील गाव माहीत असेलच असे नाही. परंतु ते नाव तेथे आहे. स्मारकाने जे गाळले ते आडनावाने जपले आहे.

प्रवासी रसिक : पाहण्याकडून ऐकण्याकडे

रसिकाच्या भेटीला भाबडेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. आवडत्या गायिकेच्या गावची माती पाहण्याची ओढ खरी असते आणि तिच्यातूनच जाणून घेण्याची इच्छा निर्माण होऊ शकते. अडचण भेटीत नाही; भेटीच्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीत आहे. सहलीच्या कार्यक्रमात एका थांब्याला पंधरा-वीस मिनिटे मिळतात. त्या वेळात देवळाचा इतिहास, प्रसाद आणि छायाचित्र एवढेच होते. येसूबाईंसारखी स्त्री त्या वेळापत्रकात येत नाही.

येथे आणखी एका अडचणीचा विचार करावयास हवा. कलावंत समाजाचा पूर्वेतिहास उच्चारणे म्हणजे थोर गायिकांच्या नावाला कमीपणा आणणे, अशी एक भावना समाजात आहे. या समाजातील अनेक कुटुंबांनी वेदनादायक भूतकाळ मागे टाकण्यासाठी मौन पत्करले आणि त्या मौनाचा आदर करणे आवश्यक आहे. मात्र कुटुंबाने स्वतःच्या संरक्षणासाठी पाळलेले मौन आणि सार्वजनिक स्मारकाने सोयीसाठी पाळलेले मौन यांत फरक केला पाहिजे. पहिल्याचा हक्क मान्य करून दुसऱ्याला प्रश्न विचारणे शक्य आहे. कमीपणा त्या स्त्रियांच्या जन्मात नव्हता. तो त्यांना नाव नाकारणाऱ्या व्यवस्थेत होता. हे स्पष्टपणे सांगितल्याने गायिकेची उंची कमी होत नाही, उलट ती किती खालून चढून आली याचे माप मिळते.

महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली मोठ्या संख्येने गोव्यात जातात. मराठी, संगीत, इतिहास आणि समाजशास्त्र या विषयांच्या विभागांनी एकत्रितपणे मंगेशी, केरी व कुर्डी असा अभ्यासदौरा आखल्यास एकाच दिवसात स्थलांतर, धर्म, स्त्रीजीवन, धरणग्रस्तांचे प्रश्न आणि घराणेदार गायकी हे विषय विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष उभे राहू शकतात. कुर्डीसाठी मात्र मे महिन्याचीच वाट पाहावी लागेल. अशा दौऱ्यापूर्वी विद्यार्थ्यांनी या गायिकांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिका ऐकणे ही किमान अट असावी. केसरबाईंच्या गायनाची व शिष्या धोंडूताई कुलकर्णी यांच्यामार्फत त्या परंपरेची ओळख करून देणारे नमिता देवीदयाल यांचे ‘द म्युझिक रूम’ (२००७) हे इंग्रजी पुस्तकही पूर्वतयारीस उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. गायकाची कला स्थळी शिल्लक राहत नसल्याने त्याच्या स्मृतिस्थळाचे मूल्य आकार, वजन वा खर्च यांवरून ठरविता येत नाही. आवाजामागील जीवन ते स्थळ कितपत सांगते, ही अधिक योग्य कसोटी आहे.

२. केरकर, कुर्डीकर व मंगेशकर ही आडनावे या गायिकांची सर्वांत विश्वसनीय स्मृतिस्थळे आहेत. नाव नाकारलेल्या समाजाने गावाच्या आधारे उभारलेली प्रतिष्ठा त्यांत नोंदली गेली आहे.

३. मंगेशीत पौरोहित्याची बाजू ठळक आणि गानसेवेची बाजू धूसर आहे. केरीत शाळेच्या रूपाने सामाजिक परिवर्तनाची खूण आहे. कुर्डीत वारशाच्या प्रचलित व्याख्येची मर्यादा स्पष्ट होते.

४. अयोध्येतील चौक आवाजाला स्थान देतो हे त्याचे बलस्थान आहे. गायिकेला देवतारूप देऊन तिचे श्रम व हक्काचा लढा झाकणे ही त्याची मर्यादा आहे.

५. रसिकाच्या भेटीला माहितीची जोड देण्याची जबाबदारी स्मारक उभारणाऱ्यांइतकीच शिक्षणसंस्थांचीही आहे.

मंगेशीच्या सभामंडपात उभे राहिलेल्या प्रवाशाला येसूबाई या नावाची एवढी तरी ओळख करून देता आली, तर गायिकेच्या गावी केलेल्या त्या थांब्याचे सार्थक होईल.